स्वस्त चेंडूची गोष्ट

आमच्या पेण-रोह्याकडे ज्याचा चेंडू त्याची पहिली बॅटिंग. भातखाचरात चेंडू हरवला की खेळ बंद! परवा भाच्याने विचारलं, "मामा, हौसेच्या गोल्फला चेंडू कुठला घेऊ?" मी इतिहासच काढला.

मुंबईत गोल्फ क्लब निघाला १८४२ मध्ये. तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्यात ठासलेली पिसं. कसबी कारागिराचेही दिवसाला तीन-चारच होत, म्हणून महाग. शिवाय भिजला की उसवे. १८४८च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकाचे, गटापर्चाचे, चेंडू आले. तडा गेला तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा वळायचा! किंमत उतरली, तसे साधे लोकही खेळू लागले.

भाच्याला म्हटलं, साधा दोन थरांचा, टणक सालीचा घे. हरवायची भीती नसली की हात मोकळा चालतो.