हवाशीत किट कारची पाच-गती गिअरपेटी

हवाशीत किट कारची पाच-गती गिअरपेटी म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर चालणाऱ्या, सुट्या भागांच्या संचातून जुळविलेल्या मोटारगाडीत बसविलेली पाच पुढील गिअरांची दंतचक्रपेटी होय. अशा गाडीसाठी पेटी निवडताना इंजिनाची शक्ती, गाडीचे वजन आणि टायरांचा घेर यांबरोबरच इंजिन थंड राहील की नाही, याचाही विचार करावा लागतो. हवाशीत इंजिनाचा पंखा सहसा इंजिनाच्याच फेऱ्यांवर फिरतो. त्यामुळे गिअर गुणोत्तरे चुकल्यास गाडी मंदावते, आणि त्याखेरीज इंजिनही अतितप्त होऊन निकामी होऊ शकते. कोल्हापूरसारख्या, सपाट महामार्ग आणि सह्याद्रीतील घाट असे दोन्ही प्रकारचे रस्ते जवळ असलेल्या प्रदेशात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

किट कारमध्ये एखाद्या प्रचलित गाडीचे इंजिन, गिअरपेटी, आस आणि कधी कधी संपूर्ण तळपट्टा घेऊन त्यावर वेगळी काया बसविली जाते. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची बीटल ही गाडी या कामासाठी जगभर सर्वाधिक वापरली गेली. तिचे इंजिन मागच्या बाजूस असून ते हवाशीत आहे, आणि काया काढून घेतल्यावरही तळपट्टा, इंजिन व चाके मिळून एक चालणारा सांगाडा शिल्लक राहतो. कॅलिफोर्नियातील ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये फायबरग्लासची काया असलेली 'मायर्स मँक्स' ही वाळूवर चालणारी बग्गी तयार केली. त्यानंतर बीटलच्या तळपट्ट्यावर बग्ग्या आणि जुन्या पोर्शे गाड्यांच्या प्रतिकृती बांधण्याची प्रथा रूढ झाली.

बीटलच्या गिअरपेटीत चार पुढील गिअर असतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अनेक गाड्यांत ही गुणोत्तरे ३.८०, २.०६, १.२६ आणि ०.८९ अशी असून अंतिम गुणोत्तर ४.१२५ होते. पहिल्या तीन गिअरांमधील अंतर मोठे असल्याने गिअर बदलताच इंजिनाचे फेरे एकदम खाली येतात. ही उणीव भरून काढणे हा पाच-गती पेटी बसविण्यामागील मुख्य हेतू असतो.

शीतन आणि इंजिनाचे फेरे

जलशीत इंजिनात रेडिएटर, पंप आणि तापमानानुसार चालू-बंद होणारा विद्युत पंखा असतो. त्यामुळे इंजिन कमी फेऱ्यांवर चालत असले तरी उष्णता बाहेर टाकण्याची सोय राहते. अलिबागजवळील चिंकारा मोटर्स या किट कार बनविणाऱ्या संस्थेने आपल्या रोडस्टर गाडीत इसुझूचे १.८ लिटरचे जलशीत इंजिन पाच-गती पेटीसह वापरले. अशा गाडीत पाचवा गिअर केवळ इंधनबचतीसाठी उंच ठेवला तरी फारसे बिघडत नाही.

बीटलच्या इंजिनाचा पंखा पट्ट्याच्या साहाय्याने क्रँकवरून फिरतो. इंजिनाचे फेरे घटले की पंख्याचे फेरे त्याच प्रमाणात घटतात, हवा कमी मिळते आणि तेलपंपही मंदावतो. मात्र विशिष्ट वेगाने गाडी पुढे नेण्यासाठी लागणारी शक्ती गिअर बदलल्याने कमी होत नाही. म्हणजेच उंच गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर इंजिन दाबून चालविल्यास निर्माण होणारी उष्णता जवळपास तितकीच राहते आणि ती वाहून नेणारी हवा तेवढी कमी होते. सिलिंडरचे शीर्ष तापणे, इंजिनात ठोके पडणे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळणे आणि तेल पातळ होऊन बेअरिंग झिजणे हे याचे परिणाम होत.

यावरून निवडीचा मूलभूत नियम निघतो: हवाशीत गाडीत पाचवा गिअर जुन्या चौथ्याच्या वर नवा मजला चढविण्यासाठी घेऊ नये. तो जुन्या चार गिअरांमधील पोकळी भरण्यासाठी घ्यावा.

गुणोत्तरे ठरविण्याची रीत

गाडीचा वेग पुढील सूत्राने काढता येतो. इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, टायरचा मीटरमधील चालता घेर आणि ०.०६ यांचा गुणाकार करावा आणि त्याला गिअर गुणोत्तर व अंतिम गुणोत्तर यांच्या गुणाकाराने भागावे. येणारे उत्तर ताशी किलोमीटरमध्ये असते. घेर २ मीटर धरल्यास, चौथ्या गिअरमध्ये (०.८९ × ४.१२५ = ३.६७) ४,००० फेऱ्यांना वेग सुमारे १३१ किलोमीटर येतो. बीटलच्या १,५८४ घन सेंटिमीटर इंजिनाची ५० अश्वशक्तीची कमाल शक्ती याच फेऱ्यांच्या आसपास मिळते. किट कारला यापेक्षा उंच गिअरची गरज क्वचितच असते.

या चार-गती पेटीवर ०.७० गुणोत्तराचा पाचवा गिअर चढविल्यास ताशी ८० किलोमीटरला फेरे सुमारे २,४५० वरून १,९३० वर येतात. गाडी शांत चालते, पण पंख्याची हवा एक पंचमांशाहून अधिक घटते. समोरून वारा किंवा किंचित चढण असली तरी इंजिन तापू लागते.

याउलट पहिला आणि शेवटचा गिअर मूळचेच ठेवून मधले गिअर जवळ आणल्यास कोणता फरक पडतो, हे पुढील कोष्टकात दिले आहे. प्रत्येक वेळी ४,००० फेऱ्यांवर गिअर बदलला असे गृहीत धरले आहे.

| गिअर | चार-गती गुणोत्तर | बदलानंतरचे फेरे | पाच-गती गुणोत्तर | बदलानंतरचे फेरे |
|---|---|---|---|---|
| पहिला | ३.८० | – | ३.८० | – |
| दुसरा | २.०६ | २,१७० | २.२७ | २,३९० |
| तिसरा | १.२६ | २,४५० | १.५५ | २,७३० |
| चौथा | ०.८९ | २,८३० | १.१४ | २,९४० |
| पाचवा | – | – | ०.८९ | ३,१२० |

या इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे २,८०० फेऱ्यांजवळ असतो. पाच-गती पेटीत दुसऱ्या गिअरनंतरचा प्रत्येक बदल इंजिनाला या फेऱ्यांच्या अगदी जवळ किंवा वर आणून सोडतो. वरच्या गिअरांकडे जाताना दोन गिअरांमधील अंतर क्रमाने कमी होत जाणे हे चांगल्या जुळणीचे लक्षण मानले जाते, कारण वेग वाढेल तसा हवेचा रोध वाढतो आणि इंजिनाकडे राखीव शक्ती कमी उरते. गाडी बीटलपेक्षा हलकी असल्यास पहिला गिअर ३.४० च्या आसपास घेऊन पहिल्या-दुसऱ्यातील अंतरही कमी करता येते.

कोल्हापूर परिसरातील रस्ते

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० ते ५७० मीटर उंचीवर आहे. शहरालगत पुणे–बंगळूर महामार्ग जातो. पश्चिमेस आंबा, गगनबावडा, फोंडा आणि आंबोली या मार्गांनी कोकणात उतरता येते. म्हणजे एकाच दिवसाच्या प्रवासात महामार्गावरील सलग वेग आणि घाटातील वळणावळणांची चढण अशा दोन्ही परीक्षा गाडीला द्याव्या लागतात. उन्हाळ्यात हवाच तापलेली असल्याने शीतनाची क्षमता आणखी कमी होते. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलींमागे बराच वेळ संथ चालून नंतर चटकन पुढे निघावे लागते. अशा वेळी दुसरा आणि तिसरा गिअर दूर असल्यास ओढ मिळत नाही.

उदाहरणादाखल, दोन माणसांसह ९०० किलो वजनाची किट कार करूळ घाटातून गगनबावड्याकडे ताशी ५० किलोमीटर वेगाने चढत आहे आणि चढण दहास एक आहे असे समजू. चढण, टायरांचा रोध आणि हवेचा रोध मिळून सुमारे १,१२० न्यूटन बल लागते. चार-गती पेटीच्या तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे २,१७० फेऱ्यांवर येते आणि त्या फेऱ्यांवरील आपल्या ताकदीचा साधारण तीन चतुर्थांश भाग सतत खर्च करते. दुसरा गिअर घेतल्यास फेरे ३,५४० होतात. हवा भरपूर मिळते, पण आवाज, इंधन आणि झीज वाढते. वरील पाच-गती पेटीच्या तिसऱ्या गिअरमध्ये फेरे सुमारे २,६६० राहतात. हवा जवळपास २३ टक्क्यांनी अधिक मिळते आणि इंजिनावरील भार साठ टक्क्यांच्या खाली येतो. घाटात हवाशीत गाडीला जो गिअर हवा असतो तो हाच, आणि मूळ पेटीत नेमका तोच नसतो.

उतरताना इंजिनाच्या रोधाचा उपयोग ब्रेकवरील ताण कमी करण्यासाठी होतो. ज्या गिअरमध्ये चढण चढली त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुना नियम येथेही लागू पडतो.

पेटीची निवड

पाच-गती पेटी मिळविण्याचे मुख्य मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

बीटलच्या पेटीत बदल: मूळ पेटीच्या पुढील भागात वाढीव आवरण देऊन पाचवी जोडी बसविली जाते. कॅलिफोर्नियातील जीन बर्ग एंटरप्रायझेस या कंपनीने असा संच तयार केला. इंजिन आणि आस यांच्या जागा बदलाव्या लागत नाहीत, हा याचा मोठा लाभ होय. मात्र खर्च बराच येतो.

पोर्शेची पेटी: ९११ गाडीतील ९०१ आणि १९७२ नंतरची ९१५ या पेट्या अधिक टॉर्क सहन करतात. ९०१ पेटीत पहिला गिअर डावीकडे खाली असतो, त्यामुळे चालकाला सवय करावी लागते. पोर्शे ९१४ मध्ये इंजिन आसाच्या पुढे आहे. ती पेटी बीटलप्रमाणे इंजिन मागे ठेवून वापरायची असल्यास डिफरन्शियलचे मोठे चक्र दुसऱ्या बाजूस बसवावे लागते. तसे न केल्यास गाडीला पाच मागचे आणि एकच पुढचा गिअर मिळेल.

सुबारूची पेटी: या गाडीत उभे बसविलेले इंजिन आसाच्या पुढे असते. पेटी उलट फिरवून मागे लावल्यास चाकांची दिशा उलटते, म्हणून विरुद्ध दिशेने कापलेली अंतिम जोडी घालावी लागते. पेटी चारचाकी चालनाची असल्यास मागच्या आसाकडे जाणारा भाग काढून टाकावा लागतो.

आडव्या इंजिनाचा संच: अग्रचलित छोट्या गाडीचे आडवे इंजिन व पेटी एकत्रच मागे बसविल्यास दिशेचा प्रश्न येत नाही. परंतु अशी इंजिने बहुधा जलशीत असल्याने गाडीचे मूळ स्वरूप बदलते.

नवी गुणोत्तरे कापून घेताना दोन मर्यादा असतात. दोन दंडांमधील अंतर ठरलेले असल्याने दातांची बेरीज मनाप्रमाणे बदलता येत नाही. तसेच दातांच्या संख्येत सामायिक अवयव नसणे इष्ट असते. ३३ आणि ८ दातांच्या अंतिम जोडीत (४.१२५) प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताशी कधी ना कधी भिडतो आणि झीज सारखी होते.

अंतिम गुणोत्तर आणि टायर

बीटल मालिकेत ४.३७५, ४.१२५ आणि ३.८७५ ही अंतिम गुणोत्तरे आढळतात. टायरचा घेर बदलला की सर्व गिअरांचा परिणाम एकाच प्रमाणात बदलतो. बग्गीला शोभेसाठी २.२ मीटर घेराचे मोठे मागचे टायर लावल्यास ४.१२५ चे अंतिम गुणोत्तर प्रत्यक्षात ३.७५ सारखे वागते. म्हणजे मालकाच्या नकळत सर्व गिअर उंच होतात आणि इंजिन तापण्याची तक्रार सुरू होते. अशा वेळी ४.३७५ ची जोडी घेतल्यास हा दोष बराचसा भरून निघतो. म्हणून आधी टायर, मग अंतिम गुणोत्तर आणि शेवटी मधले गिअर, या क्रमाने निवड करणे सोयीचे ठरते.

कोल्हापूर आणि स्वयंनिर्मित वाहने

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील यंत्रशाळा आणि शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळा वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत. जिल्ह्यातील इचलकरंजी येथील शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' ही छोटी मोटार स्वतः घडविली. तिचा पहिला नमुना १९४९ मध्ये तयार झाला. पुढे त्यांनी तिच्या सुधारित आवृत्त्या केल्या, परंतु गाडीचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ शकले नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धेतही एक सिलिंडरचे हवाशीत इंजिन वापरून वाहन बांधले जाते, आणि त्यातही गिअर गुणोत्तरांची जुळणी हा कळीचा भाग असतो.

बीटलचे उत्पादन भारतात झाले नाही. त्यामुळे तिची पेटी व सुटे भाग बहुधा आयात करावे लागतात. आवरणे, जोडपट्ट्या, दंड आणि गिअर-दांडीची जोडणी यांसारखी कामे स्थानिक यंत्रशाळांत होऊ शकतात. दंतचक्रे मात्र योग्य मिश्रपोलादाची, पृष्ठभाग कठीण केलेली आणि अचूक घासलेली असणे आवश्यक असते.

देखभाल

बीटलची गिअरपेटी आणि डिफरन्शियल यांना एकच तेल लागते. पितळी सिंक्रोनायझर असलेल्या अशा पेटीत जीएल-४ प्रतीचे तेल वापरण्याची शिफारस केली जाते. नव्या जुळणीनंतर तेल लवकर बदलून त्यात धातूचा चुरा आहे का, हे पाहावे. सिलिंडर-शीर्षाचे आणि तेलाचे तापमान दाखविणारी मापके बसविल्यास गुणोत्तरे बरोबर जुळली आहेत की नाही, याचा पडताळा पहिल्याच घाटात मिळतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ खाली मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक आहे. त्यामुळे इंजिन किंवा गिअरपेटी खरेदी करण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे हिताचे असते. नोंदणी नसलेली किट कार केवळ खासगी आवारात किंवा बंदिस्त शर्यतमार्गावर चालविता येते.