पार्ल्याची पोटनिवडणूक आणि आपलं मत



रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर मंडळी बसतात आणि तिथे कुठलाही विषय निघतो. मागे असाच एक मुलगा विचारत होता, "काका, टोकाचं बोलणाऱ्याच्या सभेला गर्दी होते हे कळलं, पण असा माणूस खरंच निवडून येतो का? लोक शेवटी शहाणपणानेच मत देतात ना?" त्याच्या वयाच्या मुलांना १९८७ साल म्हणजे फार जुनी गोष्ट. आम्ही त्याला म्हटलं, उत्तर शोधायला लांब जायला नको. गोरेगावला लोकल पकड आणि अंधेरीच्या पुढच्या स्टेशनला उतर. त्या दिवशी पारावरच्या गप्पांत जे अर्धवट राहिलं ते संपादक मंडळाच्या आग्रहावरून इथे लिहून काढतो आहोत.

डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभेच्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली. काँग्रेसतर्फे प्रभाकर कुंटे, जनता पक्षातर्फे प्राणलाल व्होरा आणि शिवसेनेतर्फे डॉ. रमेश प्रभू उभे होते. आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण भारतीय जनता पक्षाने त्या वेळी सेनेला नव्हे, जनता पक्षाच्या व्होरांना पाठिंबा दिला होता. सेनेची विधानसभेतली ताकद तरी किती? १९८५ च्या निवडणुकीत सेनेचा एकच आमदार निवडून आला होता, माझगावचे छगन भुजबळ. मुंबई महापालिका मात्र त्याच वर्षी सेनेच्या हाती आली होती. म्हणजे शाखा होत्या, पोरं होती, रस्त्यावरची ताकद होती, पण विधानसभेत आवाज नव्हता. मराठी माणसाच्या नोकरीचा प्रश्न घेऊन १९६६ मध्ये निघालेल्या संघटनेने या निवडणुकीत तो प्रश्न बाजूला ठेवला आणि उघड उघड धर्माच्या नावाने मतं मागितली. "गर्व से कहो हम हिंदू हैं" ही घोषणा त्या काळात भिंतीभिंतीवर आली.

बाळासाहेब ठाकरे यांच्या तीन सभा पुढे कोर्टात गाजल्या. २९ नोव्हेंबरची पार्ल्याची, ९ डिसेंबरची खारदांड्याची आणि १० डिसेंबरची पार्ले पूर्वेच्या जलतरण मैदानावरची. ही निवडणूक हिंदू धर्माच्या रक्षणासाठी आहे, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, हा देश हिंदूंचा आहे, अशा अर्थाची वाक्यं त्या भाषणांत होती, असं निकालपत्रात नोंदलेलं आहे. भाषणांतला बराच मारा जनता पक्षावर होता. ते साहजिक होतं. सेनेला जी मतं ओढायची होती ती व्होरांकडे जाऊ शकणारी मतं होती.

आणि प्रभू निवडून आले.

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गोम पार्ल्यात आहे. अडाणी लोकच असल्या बोलण्याला भुलतात असं आपल्याला उगीच वाटत असतं. पार्ले म्हणजे पार्ले टिळक विद्यालयाचं पार्ले, लोकमान्य सेवा संघाचं पार्ले. घराघरात पदवीधर, व्याख्यानमाला ऐकणारी माणसं. आरे कॉलनीच्या क्वार्टर्समधून, युनिटच्या गोठ्यांकडून बघणाऱ्या आम्हा लोकांना ती वस्ती म्हणजे मोठ्या साहेबांची वाटायची. त्या वस्तीने हे मत दिलं. तेव्हा शिक्षणाने माणूस आपोआप सुटतो हा भ्रम आमच्यापुरता तरी पार्ल्यात संपला.

दुसरी गोष्ट पोटनिवडणुकीची. सेनेचा पहिला आमदारसुद्धा पोटनिवडणुकीतच आला होता. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० ला खून झाला. त्या जागेवर त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि त्यांना हरवून सेनेचे वामनराव महाडिक विधानसभेत गेले. सतरा वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा दार उघडलं ते पोटनिवडणुकीचं. आमचं मत असं की हा योगायोग नाही. सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाची माणसं शेकडो मतदारसंघांत विखुरलेली असतात. पोटनिवडणुकीत सगळ्या शहराच्या शाखा एकाच मतदारसंघात उतरतात. आणि मतदाराला ठाऊक असतं की एका जागेने सरकार काही पडत नाही, तेव्हा राग काढून घेऊ या, एकदा धडा शिकवू या, असं तो म्हणतो. नेहमीचा सावध माणूससुद्धा अशा वेळी मोकळा सुटतो.

तिसरी गोष्ट आपल्या निवडणूक पद्धतीची, आणि ती तरुणांनी नीट समजून घ्यावी. आपल्याकडे निवडून यायला अर्ध्याहून जास्त मतं लागत नाहीत. बाकीच्यांपेक्षा एक मत जास्त असलं की झालं. तीन-चार तगडे उमेदवार असले की चाळीस टक्क्यांतसुद्धा माणूस आमदार होतो. फ्रान्समध्ये तसं नाही. तिथे एप्रिल २००२ मध्ये ज्यां-मारी ल पेन हा कडव्या उजव्या पक्षाचा माणूस राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत १७ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन दुसरा आला. सगळा देश हादरला. पण दुसऱ्या फेरीत फक्त दोघंच उरतात. डावे, मधले सगळे नाक मुठीत धरून शिराक यांच्या मागे उभे राहिले आणि शिराक ८२ टक्क्यांनी जिंकले. आपल्याकडे ही दुसरी फेरी नाही. जे एकत्र यायचं ते मतदानाच्या आधीच यावं लागतं, आणि पार्ल्यात काँग्रेस आणि जनता पक्ष एकत्र यायचं काही कारणच नव्हतं.

जर्मनीचं उदाहरण तर सगळेच देतात, पण अर्धंच देतात. हिटलरच्या पक्षाला १९२८ मध्ये तीन टक्केही मतं नव्हती. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती घसरून ३३ वर आली. मोकळ्या निवडणुकीत त्याला निम्मी मतं कधीच मिळाली नाहीत. ३० जानेवारी १९३३ ला त्याला चान्सलर केलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने, आणि त्यामागे होते ते आपण याला काबूत ठेवू अशा घमेंडीत असलेले जुने पुढारी. तेव्हा टोकाचा माणूस निवडून येतो का, या प्रश्नाला जोडूनच विचारायला हवं की त्याला खांद्यावर कोण घेतं. पार्ल्याच्या निकालानंतर भाजपने दिशा बदलली. १९८९ मध्ये सेना-भाजपची युती झाली. १९९० मध्ये सेनेचे ५२ आमदार आले, भाजपचे ४२. १९९५ मध्ये ७३ आणि ६५ होऊन मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. एकाचे ७३ व्हायला दहा वर्षं लागली.

आपल्या समाजाला या निकालाची झळ फार लवकर लागली. राज्य सरकारने परमपूज्य बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड १९८७ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यातल्या राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून १९८८ च्या सुरुवातीला वादळ उठलं. खंड मागे घ्या म्हणून सेनेचा मोर्चा निघाला. त्याला उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १९८८ ला आपले लोक लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरले. शेवटी ते प्रकरण पुस्तकात राहिलं, सरकार या मतांशी सहमत नाही अशी टीप टाकून राहिलं. पार्ल्याचं मतदान आणि रिडल्सचा मोर्चा यांच्यात दोन महिन्यांचंही अंतर नाही. पार्ल्यातल्या भाषणांत रोख मुसलमानांवर होता, म्हणून आपल्यातले काही जण "आपलं काय त्यात" म्हणत गप्प होते. ते दोन महिन्यांत बोलायला लागले.

आता कोर्टाचं. कुंटे निकालाविरुद्ध हायकोर्टात गेले. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा संसदेत मंजूर झाला तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या नावाने मत मागणं हे या कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे. पूर्वी असा प्रचार "पद्धतशीरपणे" केला असं दाखवावं लागे. १९६१ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला आणि एक भाषणसुद्धा पुरेसं झालं. ७ एप्रिल १९८९ ला न्यायमूर्ती भरुचा यांनी प्रभूंची निवडणूक रद्द केली. उमेदवाराबरोबर ठाकरे यांनाही दोषी धरलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ११ डिसेंबर १९९५ ला न्यायमूर्ती वर्मा यांच्या खंडपीठाने हायकोर्टाचा निकाल कायम केला. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून राष्ट्रपतींनी जुलै १९९९ मध्ये आदेश काढला आणि ११ डिसेंबर १९९५ पासून सहा वर्षं ठाकरे यांचा मतदानाचा हक्क गेला. ज्यांच्या शब्दावर लाखो मतं पडत होती त्यांना १९९९ च्या निवडणुकीत स्वतःचं एक मत टाकता आलं नाही.

कायदा जिंकला म्हणायचं? हो आणि नाही. निवडणूक डिसेंबर १९८७ ची. ती विधानसभा १९९० मध्ये संपली. अंतिम निकाल आला तेव्हा सेनेचं सरकार मंत्रालयात बसून नऊ महिने झाले होते. शिवाय त्याच ११ डिसेंबरला त्याच खंडपीठाने मनोहर जोशी यांची दादरची १९९० ची निवडणूक मात्र वैध ठरवली. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात होईल हे वाक्य म्हणजे फार तर एक आशा, धर्माच्या नावावर मत मागणं नव्हे, असं कोर्ट म्हणालं. आणि हिंदुत्व ही जगण्याची पद्धत आहे ही कोर्टाची ओळ आली ती प्रभूंच्याच, त्यांच्या विरुद्ध गेलेल्या निकालात. हरणाऱ्या बाजूने तीच ओळ उचलली आणि वर्षानुवर्षं सभांतून मिरवली. केस हरून भाषणाला मसाला मिळाला, असं आमच्या ओट्यावरचे एक वकीलसाहेब म्हणतात ते काही खोटं नाही.

बाबासाहेबांनी हे सगळं फार आधी ओळखलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी सांगितलं की धर्मात भक्ती असेल तर असो, राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे भाषण आपण दर २६ नोव्हेंबरला वाचतो. पण १९५५ चं त्यांचं भाषावार राज्यांवरचं छोटं पुस्तक आपण कमी वाचतो. त्यात ते म्हणतात की राजकीय बहुमत विचारांतून घडतं, बदलतं, त्यात कुणालाही येता-जाता येतं. जातीय बहुमत जन्माने ठरतं आणि त्याचं दार बंद असतं. त्यावर त्यांनी उपायही सुचवला होता. एका जागेच्या मतदारसंघाऐवजी दोन-तीन जागांचे मतदारसंघ करा आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा द्या, म्हणजे अल्पसंख्याकाचं मत फुकट जाणार नाही. हा उपाय कुणी मनावर घेतला नाही. दोन जागांचे मतदारसंघ होते तेही १९६१ मध्ये मोडले.

आपल्या मताचं वजन मात्र एकदा दिसलं होतं. जानेवारी १९७४ मध्ये दक्षिण-मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे रामराव आदिक उभे होते आणि सेनेचा त्यांना पाठिंबा होता. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरच्या सभेत बहिष्काराची हाक दिली गेली, त्यानंतर दंगल पेटली, आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. मतदानात आदिक पडले, कम्युनिस्ट रोझा देशपांडे निवडून आल्या. सेनेचा खांदा लाभलेला उमेदवारही पडतो, हे त्या वर्षी दिसलं. पण बहिष्काराने कुणाला पाडता येतं, कुणाला आणता येत नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने पुढच्या रविवारी आम्हाला एक माहिती आणून दिली, ती इथे देतो. शेजारच्या सांताक्रूझमधून १९९० मध्ये भाजपचे अभिराम सिंह निवडून आले होते. त्यांचीही निवडणूक हायकोर्टाने धर्माच्या प्रचारावरून रद्द केली होती. त्या प्रकरणातून निघालेल्या प्रश्नावर सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ ला निकाल दिला. कलम १२३(३) मधला धर्म म्हणजे फक्त उमेदवाराचा नव्हे, मतदाराचाही, असा अर्थ चार विरुद्ध तीन मतांनी लागला. १९९० ची निवडणूक आणि २०१७ चा निकाल. आम्ही त्याला विचारलं, तुझं जन्मसाल कोणतं? तो हसला आणि मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारू लागला.