डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल

(डीईएस). प्रयोगशाळेत तयार केलेले, तोंडावाटे घेता येणारे इस्ट्रोजेन. १९३८ मध्ये लंडनच्या चार्ल्स डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बनवले. त्याचे पेटंट न घेतल्याने अनेक कंपन्यांनी ते स्वस्तात विकले. हार्वर्डच्या जॉर्ज व ऑलिव्ह स्मिथ या दांपत्याच्या शिफारशीनंतर अमेरिकेत गर्भपात टाळण्यासाठी गरोदर स्त्रियांना ते सर्रास दिले गेले. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठातील चाचणीत, सुमारे १,६०० स्त्रियांमध्ये, त्याचा काहीही उपयोग दिसला नाही. तरीही डॉक्टर पुढे जवळजवळ दोन दशके ते लिहून देत राहिले. औषधाच्या दुष्परिणामांइतकीच ही गोष्टही अस्वस्थ करणारी आहे.

१९७१ मध्ये बॉस्टनच्या आर्थर हर्बस्ट यांनी सहकाऱ्यांसह योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग झालेल्या आठ तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदरपणात ते न देण्याची सूचना केली. गर्भावस्थेत या औषधाशी संपर्क आलेल्या मुलींपैकी साधारण हजारांत एकीला हा कर्करोग झाला. त्याहून कितीतरी अधिक जणींना टी-आकाराचे गर्भाशय, वंध्यत्व, गर्भनलिकेतील गर्भधारणा, मुदतपूर्व प्रसूती आणि गर्भपात यांना तोंड द्यावे लागले. अवयव घडण्याच्या काळात झालेला हा बिघाड बहुधा वयात आल्यानंतरच उघडकीला येई.

बिस्फेनॉल-ए या पुढे प्लास्टिकात वापरल्या गेलेल्या रसायनाचा इस्ट्रोजेनसदृश गुणही डॉड्स यांनीच १९३६ मध्ये नोंदवला होता.