न पडलेली टाचणी

बेंबळीच्या शाळेत आपण खिळ्याला तार गुंडाळून टाचण्या उचलायचो. सेल काढला की त्या गळून पडायच्या. एखादी मात्र चिकटून राहायची. ती का पडत नाही, हे आपण कुणीच सरांना विचारले नाही.

१८८१च्या सुमारास टोकियोत शिकवणाऱ्या जेम्स यूइंग यांनी लोखंडातले हे मागे रेंगाळणे मोजले आणि त्याला ‘हिस्टेरेसिस’ नाव दिले. गावच्या डीपीतल्या गाभ्याचे चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळा उलटते. या रेंगाळण्यापायी थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, गाव झोपले तरी. १८९२मध्ये स्टाइनमेट्झ यांनी त्या नुकसानीचे सूत्र मांडले. पुढे हॅडफील्ड यांच्या सिलिकॉनमिश्रित पोलादाने ते बरेच घटले.

आता नातवंडाने तो प्रश्न विचारला, तर गप्प बसवू नका.