मतदान यंत्र, इलेक्ट्रॉनीय

मतदाराचे मत कागदी मतपत्रिकेऐवजी विद्युत् संकेतांच्या स्वरूपात नोंदवून मोजणीच्या वेळी उमेदवारनिहाय बेरीज दर्शविणारे साधन. अशा यंत्राकडून दोन अपेक्षा असतात. नोंदविलेल्या मतांत कोणासही फेरफार करता येऊ नये, ही सुरक्षिततेची अपेक्षा होय. तसा फेरफार झालेला नाही याची खातरजमा सामान्य नागरिकास करता यावी, ही पारदर्शकतेची. भारतात पहिलीवर प्रारंभापासून भर होता. दुसरीला मान्यता मिळण्यास सु. तीन दशके लागली.

निवडणूक आयोगाने १९७७ मध्ये यंत्राची कल्पना मांडली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९७९ मध्ये त्याचा नमुना तयार केला. पुढे बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही संस्थाही यंत्रे बनवू लागली. केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात १९ मे १९८२ रोजी ८४ पैकी ५० मतदान केंद्रांवर यंत्रे प्रथम वापरण्यात आली. तेथे १२३ मतांनी पराभूत झालेले ए. सी. जोस यांनी निकालास आव्हान दिले. तत्कालीन कायद्यात व नियमांत मतपत्रिकेचीच तरतूद असल्याने आयोगास स्वतःच्या अधिकारात यंत्र वापरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. त्या ५० केंद्रांवर फेरमतदान होऊन जोस निवडून आले. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती होऊन यंत्रास वैधता लाभली. गोवा विधानसभेच्या १९९९ च्या निवडणुकीत संपूर्ण राज्यात, तर २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली.

यंत्राचे नियंत्रण एकक व मतदान एकक असे दोन भाग असून ते तारेने जोडलेले असतात. पहिला मतदान अधिकाऱ्याजवळ, दुसरा मतदान कक्षात असतो. यंत्र विद्युत् घटमालेवर चालते व कोणत्याही जाळ्यास जोडलेले नसते. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष चाचणी मतदान घेतात. मोहोरबंदीवर प्रतिनिधींच्या सह्या घेतात आणि नोंदलेल्या एकूण मतांचा हिशेब त्यांना लेखी देतात. यंत्रामुळे बाद मते संपुष्टात आली व मोजणीचा वेळ वाचला. तथापि, दाबलेल्या कळीप्रमाणेच मत नोंदले गेले काय, हे मतदारास पाहता येत नसे.

भारतीय, अमेरिकी व डच संशोधकांनी २०१० मध्ये एका प्रत्यक्ष यंत्रावर प्रयोग केले. यंत्र हाती आल्यास दर्शक पट्टी बदलून किंवा स्मृतीस उपकरण जोडून निकाल पालटता येतो, असे त्यांनी दाखविले. यंत्रांवरील मोहोरा, पहारा व कडेकोट साठवण यांमुळे अशी संधी मिळत नाही, अशी आयोगाची भूमिका होती.

जर्मनीत हाच प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला गेला. तेथे २००५ च्या संसदीय निवडणुकीत सु. २० लाख मतदारांनी यंत्रे वापरली होती. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञानावाचून नागरिकास तपासता आले पाहिजेत, असे सांगून संघीय संविधान न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी त्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला. गैरप्रकार सिद्ध न झाल्याने निवडणूक मात्र रद्द केली नाही.

भारतात मतदारास पडताळता येणारी कागदी नोंद हा मार्ग स्वीकारण्यात आला. व्हीव्हीपॅट या जोडयंत्रात उमेदवाराचा क्रमांक, नाव व चिन्ह छापलेली चिठ्ठी सात सेकंद दिसून बंद पेटीत पडते. नागालँडमधील नोकसेन येथे सप्टेंबर २०१३ मध्ये त्याचा प्रथम वापर झाला. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम् स्वामी यांच्या याचिकेवर कागदी नोंद ही मुक्त व निःपक्षपाती निवडणुकीची अनिवार्य गरज असल्याचे म्हटले. लोकसभेच्या २०१९ च्या निवडणुकीत ही सोय सर्वत्र झाली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्रातील आकड्यांशी ताडून पाहण्याचा आदेश न्यायालयाने त्या वर्षी दिला. पूर्वी एकाच केंद्राच्या चिठ्ठ्या मोजल्या जात. तफावत आढळल्यास नियमानुसार चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरतात.

मतपत्रिकेकडे परतण्याची किंवा सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी करून ५ टक्के यंत्रांतील सूक्ष्मनियंत्रकांची तपासणी करवून घेण्याची मुभा दिली. कागदी पुरावा उपलब्ध झाल्यावर त्यातील किती भाग तपासावा, हा वादाचा मुख्य मुद्दा राहिला आहे. पराभूत उमेदवाराच्या मतदारांनाही निकाल खरा वाटणे, ही त्या तपासणीची खरी कसोटी होय.