लिलावातला भोपळा

नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की माझ्या डब्यातल्या करंज्या आणि चकल्या मधल्या सुट्टीत कशा संपायच्या, ते आठवत असेल. "तुमच्यातही फराळ असतो?" असं दर वर्षी कोणीतरी विचारायचंच. चर्च मात्र तुमच्यापैकी फार थोड्यांनी आतून पाहिलं. स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला तेव्हा वडिलांच्या पेटीतली मंडळीच्या जमाखर्चाची वही माझ्यापुढे उघडी होती. तेव्हा त्या वहीबद्दलच लिहिते.

आधी थोडं मागचं. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1831 मध्ये काम अहमदनगरला पोचलं. सोलापुरात 1860 मध्ये रेल्वे आली आणि त्याच दशकात मिशनही आलं. पुढे 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि गाव गिरण्यांचं झालं. 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमांत मुलं आली, त्यांतलीच एक माझी पणजी. तिला आपलं गाव सांगता येत नसे. विहिरीजवळ चिंच होती, एवढंच तिला आठवायचं.

मंडळीने आपल्या पायावर उभं राहावं, हा विचार मात्र त्याहून जुना. 1854 मध्ये बॉस्टनहून मिशनचे सेक्रेटरी रूफस अँडरसन आपल्याकडे आले. त्याच वर्षी नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीचा पाळक इथलाच असावा आणि त्याचा पगार मंडळीनेच द्यावा, असं अँडरसन यांचं म्हणणं. (मिशनच्या शाळांत इंग्रजीवर भर नको, असंही तेच म्हणत. इंग्रजीच्या तासाला बाकावर उभी होते तेव्हा मला हे ठाऊक असायला हवं होतं!) पाळक मिळाले, पगाराचं गाडं मात्र अडतच राहिलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, ते सर्वांना माहीत आहे. टिळक थोरच. पण एका माणसाने पगार सोडणं वेगळं आणि चाळीस-पन्नास गिरणी कामगारांच्या घरांनी पाळकाला दर महिन्याला पगार देणं वेगळं. दुसरं जास्त अवघड, असं माझं मत.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्या सुमारास आमच्या वस्तीतल्या लहानशा मंडळीला बाहेरून येणारी मदत आटत चालली होती. वडील गिरणीत जॉबर आणि मंडळीचे खजिनदार. ते स्वतःला खजिनदार म्हणवत नसत, बायबलातला शब्द वापरत: कारभारी. यावर आई तोंडाला पदर लावून हसायची, कारण आमच्या गल्लीत बायका नवऱ्यालाच कारभारी म्हणत.

वर्गणी पगाराच्या दिवशी जमायची. गिरणी बंद पडली की वहीतलं पान कोरं. मग बायकांनी दळण काढताना एकेक मूठ ज्वारी बाजूच्या डब्यात टाकायला सुरुवात केली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी असाच मुष्टिफंड जमत असे, तो कित्ता समोर होता. ती ज्वारी महिन्याअखेर पाळकांच्या घरी जायची. तरीही एका वर्षी वहीत सलग पाच महिने लाल शाईत एकच ओळ आहे: "पाळक पगार, बाकी." आमच्या स्वावलंबनाची किंमत खरं तर त्या घराने मोजली. पाळकबाई रात्री शिवणकाम करायच्या आणि सकाळी आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्या तोंडून तक्रार कधी निघाली नाही, त्यामुळे आम्हीही कधी विचारलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

त्या वर्षी पंचांच्या बैठकीत मोठ्या मंडळीत विलीन व्हावं आणि इमारत भाड्याने द्यावी, असा विषय निघाला. बोलणारे चुकत नव्हते. वडिलांनी एवढंच म्हटलं, "ज्याचं देणं आहे त्याचं आधी देऊ. मग दार लावायचं की नाही ते बोलू."

दोन आठवड्यांनी कापणीचा सण होता. उपासनेनंतर वेदीपुढची ज्वारी, कांदे, अंडी, कोंबड्या, शेंगाचटणीच्या बरण्या, सगळं अंगणात लिलावाला येई. घेतलेली वस्तू परत अर्पण करण्याचीही आमच्यात रीत आहे. दर वर्षी अंगणाच्या भिंतीपाशी सायकल लावून आपले गणिताचे सर उभे असायचे. ते शेजारच्या गल्लीत राहत. वर्गात आपल्याला पै-पैचा हिशेब मागणारे सर त्या दिवशी एका लाल भोपळ्यावर बोली लावत सुटले. घेतला आणि परत दिला. पुन्हा घेतला, पुन्हा दिला. तिसऱ्यांदा एका बेकार विणकराने त्यांच्यावर चढी बोली लावली, तेव्हा सर मोठ्याने हसले.

बाकी त्या दिवशी पूर्ण फिटली नाही. दोन महिन्यांची राहिली, ती पावसाळ्यापर्यंत फिटली. विलीन होण्याचा विषय पुढच्या बैठकीत कोणी काढला नाही. पुढे गिरण्या एकेक करून कायमच्या बंद झाल्या, घरं पुण्या-मुंबईला गेली, पण रविवारी दार उघडतं. आता वही माझ्याकडे आहे. दानपेटीशेजारी क्यूआर कोडही लावला आहे, पण कापणीच्या लिलावाला रोखच चालते.

वडिलांच्या अक्षरातलं ते पान असं आहे:

लाल भोपळा, गणिताचे सर: 3 रु.
तोच, सर: 4 रु.
तोच, विणकर: 4 रु. 25 पै.
विणकराने भोपळा घरी नेला.