जोंधळ्याची राखण

देवगाव रंगारीच्या शिवारात आज मका आहे, कपाशी आहे, अद्रक आहे, कांदा आहे. जोंधळ्याचं सलग रान शोधावं लागतं. नातवंडांना राखण सांगायची तर आधी जोंधळा सांगावा लागतो, मग माळा, मग गोफण.

जोंधळा पोटऱ्यात आला की वडील रानाच्या मधोमध चार बल्ल्या रोवून माळा बांधायचे. कणीस निसवलं, दाण्यात चीक भरला, की तिथून कापणीपर्यंतचे दिवस पाखरांचे. पाखरू उजाडताना खातं आणि दिवस कलताना खातं. दुपारी बाभळीत गप बसतं. त्यामुळे आम्हा पोरींची शाळा मधल्या वेळात आणि राखण दोन्ही टोकांना. पौषातल्या थंडीत माळ्यावर चढायचं, पोत्याची खोळ डोक्यावर घ्यायची आणि गोफण हातात. गोफण अंबाडीच्या वाखाची. एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत धरायचं, डोक्यावरून गरगर फिरवून चिमटी सोडायची. खड्यापेक्षा दोरीचा फटकाच मोठा वाजे. "बाई, खडा वाऱ्यावर सोड, पाखरावर नको," माय बजावायची. "पाखरू उठलं की झालं." राखण म्हणजे उठवणं. कुणी पाखरू मारून बांधावर टाकलं तर त्याला घरी बोलणी बसायची.

चिमण्या, पोपट यांचं फार वाटत नसे. धसका होता तो भोरड्यांचा. काळं डोकं, काळे पंख आणि मधे मळकट गुलाबी अंग. थवा यायचा तो आभाळात चादर झटकल्यासारखा, एकदम वळायचा, एकदम बसायचा. एका दमात अर्धा एकर कणसं पोखरून जायच्या. फाल्गुनात पळस फुलला की त्याच भोरड्या फुलांवर दिसायच्या, आणि उन्हं चढली की नाहीशा. "मुलुखाला गेल्या," आजी म्हणायची. कुठल्या मुलुखाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

१९७२ च्या दुष्काळात राखायला जोंधळाच नव्हता. रेशनवर परदेशी मिलो आला, शाळेत सुकडी मिळाली. वडील खडी फोडायला गेले, माळा बांधलाच नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची. आजी रिकाम्या रानाकडे पाहून म्हणाली, "यंदा पाखरांनी काय खाल्लं असंल गं?" स्वतःच्या ताटात मिलोची भाकर असताना तिला हे सुचलं, ते मी विसरलेली नाही.

पुढे मास्तरीण झाले, निवृत्त झाले, तेव्हा कुठे वाचायला सवड मिळाली. भोरड्यांचा मुलूख मध्य आशियातला निघाला. तिथल्या गवताळ पठारांवर दगडांच्या खबदाडीत त्या मे-जूनमध्ये घरटी करतात आणि पिलांना टोळ भरवतात. चीनच्या शिनजियांगमध्ये १९८० च्या दशकापासून त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात, त्यांनी टोळ खावेत म्हणून. आम्ही जिला गोफणीनं उठवलं, तिला तिकडे घर बांधून बोलावतात.

आपल्या देशातही हा हिशेब जुनाच. बिहारमधल्या पुशाच्या कृषी संशोधन संस्थेतून मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचं पुस्तक १९१२ साली निघालं. पक्ष्यांची पोटं तपासून दाणे किती, किडे किती, हे त्यात मांडलं होतं. पुढे १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आमचा जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती १९३३ पासून छापून आली. तेव्हाची पद्धत बंदुकीची: पक्षी टिपायचा, कातडं भरायचं, जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी पायाला बांधायची. मराठवाड्यातल्या पाखरांच्या जुन्या नोंदी आज मिळतात त्या अशा चिठ्ठ्यांमुळेच, आणि त्याबद्दल मी सलीम अलींची ऋणी आहे. हळहळ एवढीच वाटते, की भोरड्यांचा पहिला थवा दसऱ्याच्या आधी आला की नंतर, हे माय दरवर्षी बिनचूक सांगायची आणि ते मी कधी उतरवून घेतलं नाही. लिहिता येत असून नाही घेतलं.

जोंधळा हळूहळू हटला. पाणी आलं, नगदी पीक आलं; शिवाय पहाटे माळ्यावर बसायला पोरं कुठून आणायची? मक्याचा दाणा सोलात झाकलेला, त्याला राखण कमी. मग २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आली आणि मक्याच्या पोंग्यात शिरली. पोंग्यातली विष्ठा पाहून भाऊ डोकं धरून बसला होता. कृषी खात्याची माणसं फवारणीबरोबर आणखी एक गोष्ट सांगत होती: रानात पक्षिथांबे लावा. पाखरू बसेल आणि अळी वेचेल.

हरभऱ्यात तर थांबा पेरायचाच असतो. बियाण्यात मूठभर जोंधळा मिसळायचा. हरभऱ्याच्या वर त्याची ताटं उभी राहतात, त्यांवर कोतवाल, साळुंक्या, भोरड्या बसतात आणि खालची घाटेअळी टिपतात.

भावानं तसं पेरलं आणि ताटांना कणसं आली, तेव्हा मी बांधावर जाऊन बसले. आता माझ्याकडे वही आहे. तारीख, वेळ, पाखरू आणि संख्या, चार रकाने. पहिल्या सकाळी कोतवाल दोन, साळुंक्या सात. चौथ्या दिवशी भोरड्या आल्या, मोजता आल्या तेवढ्या साठ. काही खाली हरभऱ्यात उतरल्या, काही सरळ कणसांना लागल्या. माझा हात आपोआप डोक्यावर गेला, गोफण फिरवायला. मग खाली घेतला आणि लिहून काढलं.

हरभरा काढताना ती ताटं तशीच उभी ठेव, असं भावाला सांगून ठेवलंय.